मोबाईलवरून ट्रेनचा फोटो: बटण कधी दाबायचं आणि फोन कधी खिशात ठेवायचा

ट्रेनचा फोटो काढणं वरवर सोपं वाटतं. गाडी कुठून येणार हे माहीत असतं, कुठे जाणार हेही माहीत असतं, आणि रूळ सोडून ती दुसरीकडे वळणार नाही याची खात्री असते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना विचारा, त्यांना असलं सुख कधी मिळत नाही. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या गॅलरीत काय असतं? एकाच गाडीचे साठ-सत्तर फोटो, त्यातले निम्मे हललेले, काहींत इंजिन अर्धं कापलेलं, आणि ज्या क्षणासाठी उभे राहिलो होतो तो नेमका गायब.

याचं खापर आपण फोनवर फोडतो. महागडा फोन असता तर जमलं असतं, असं वाटतं. पण ट्रेनच्या बाबतीत घोटाळा बहुतेक वेळा घाईचा असतो, आणि ती घाई फोनच्या आत नेमकं काय बिघडवते हे समजलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम कॅमेऱ्याचं नाहीच. ते आहे कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही याचं. त्यात चूक झाली तर ती डिलीट करता येत नाही, म्हणून त्या भागावर या लेखात जास्त वेळ घालवणार आहे.

वीस सेकंदांची गाडी, पाऊण सेकंदाचा फोटो

आधी थोडा हिशोब करू. २२ एलएचबी डब्यांची एक्सप्रेस धरा. एक डबा साधारण २४ मीटर, म्हणजे इंजिनासकट गाडी झाली सुमारे ५५० मीटर. वेग ताशी १०० किलोमीटर असेल तर गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पूर्ण गाडी तुमच्यासमोरून जायला लागतात वीस सेकंद.

पण आपल्याला वीस सेकंदांचा फोटो नको असतो. आपल्याला हवं असतं वळणावर नेमक्या जागी आलेलं इंजिन. इंजिनाची लांबी वीस मीटरच्या आसपास, म्हणजे ते स्वतःच्या लांबीएवढं अंतर पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळात कापतं. तुम्ही अर्धा तास उभे राहता ते या पाऊण सेकंदासाठी. त्यामुळे फोटो कसा येणार हे खरं तर त्या अर्ध्या तासात ठरतं. गाडी दिसल्यावर ठरवायला वेळच उरत नाही.

बर्स्ट दाबून धरला की काय होतं?

बरेच जण गाडी लांबवर दिसली की बटण दाबून धरतात. "शंभर काढू, त्यातला एक तरी चांगला येईल" हा त्यामागचा विचार. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं असल्यामुळे मला या युक्तीत फोटोपेक्षा मेमरीचा प्रश्न आधी दिसतो.

कॅमेरा ॲप उघडलं की सेन्सर सतत फ्रेम्स घेत असतो, तुम्ही बटण दाबा किंवा दाबू नका. अनेक फोनमध्ये या शेवटच्या काही फ्रेम्स एका 'रिंग बफर'मध्ये ठेवलेल्या असतात. गोल फिरणारा पाळणा डोळ्यांसमोर आणा. नवीन माणूस बसला की सगळ्यात जुना उतरतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन या पाळण्यातल्या आधीच्या फ्रेम्स उचलतो. म्हणूनच हल्लीच्या फोनवर बटण दाबायला किंचित उशीर झाला तरी फोटो त्या क्षणाचा मिळतो. नंतर त्याच काही फ्रेम्स एकमेकींवर बसवून फोन आवाज कमी करतो (फोटोतला 'नॉइज', कानाला ऐकू येणारा नव्हे), उजेड आणि सावली जुळवतो आणि फाईल सेव्ह करतो.

हे सगळं एका फोटोसाठी झकास चालतं. बर्स्टमध्ये मात्र फोनला इतका वेळ मिळत नाही. मग तो ही प्रक्रिया कमी करतो किंवा गाळतोच. म्हणजे शंभर फोटो मिळतात, पण प्रत्येकाचा दर्जा एका सुट्या फोटोपेक्षा हलका. वर सेकंदाला दहा या हिशोबाने वीस सेकंदांत दोनशे फाईल्स, प्रत्येकी तीन-चार एमबी, म्हणजे सहाशे ते आठशे एमबी एका झटक्यात लिहायचे. काही फोन ठरावीक संख्येनंतर बर्स्ट आपोआप थांबवतात, काही गरम होऊन मंदावतात. आणि हे नेमकं कधी होतं? तुम्ही लांबूनच सुरुवात केलीत तर इंजिन हव्या त्या जागी येईपर्यंत फोन दमलेला असतो. सुरुवातीचे साठ फोटो ठिपक्याएवढ्या इंजिनाचे आणि ऐन वेळी स्क्रीनवर चक्र फिरतंय.

माझा सल्ला: एका गाडीमागे तीन फोटो. पहिला आधी ठरवलेल्या खुणेवर इंजिन आलं की, दुसरा त्यानंतर लगेच, तिसरा शेवटचा डबा निघून जाताना. बर्स्ट वापरायचाच असेल तर खुणेच्या आधी अर्धा सेकंद ते नंतर अर्धा सेकंद, बस्स. खूण म्हणून ओव्हरहेड वायरचे खांब उत्तम. प्रत्येकावर नंबर असतो आणि सरळ मार्गावर दोन खांबांत बहुधा ५० ते ७० मीटर अंतर असतं. एखादी गाडी साधारण दोन सेकंदांत एक खांब मागे टाकत असेल तर ती ताशी शंभरच्या आसपास आहे, असा अंदाज लांबून उभ्या उभ्या बांधता येतो.

शटर स्पीड: किती पुरेसा?

गाडी तुमच्यासमोरून आडवी जाते आहे आणि फ्रेममध्ये एकूण ४० मीटरची रुंदी मावते आहे, असं समजा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक सेंटिमीटर. शटर स्पीड १/१०० सेकंद असेल तर तेवढ्यात ताशी शंभरची गाडी २८ सेंटिमीटर सरकली, म्हणजे २८ पिक्सेलची पुसट रेघ. डब्यावरचं नाव वाचता येणार नाही. १/१००० ला जेमतेम तीन पिक्सेल, फोनच्या स्क्रीनवर ते कळतही नाही. १/२००० ला दीडच्याही आत.

मग कायम १/२००० ठेवावं का? दोन अडचणी आहेत. पहिली उजेडाची. संध्याकाळी इतक्या कमी वेळात सेन्सरपर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नाही, फोन आयएसओ वाढवतो आणि फोटो रवाळ होतो. दुसरी अडचण लोकलच्या इंडिकेटरची. पुढच्या काचेवरचा एलईडी बोर्ड आपल्याला सलग पेटलेला दिसतो, पण प्रत्यक्षात त्याच्या ओळी आळीपाळीने, डोळ्याला न कळण्याइतक्या वेगाने पेटत-विझत असतात. वेगवान शटरने त्यातला एकच तुकडा पकडला जातो, आणि 'कसारा'च्या जागी अर्धी अक्षरं उरतात. बोर्ड हवा असेल तर १/१००, फार तर १/२०० पर्यंत या.

मग गाडी हलणार त्याचं काय? इथे कोन कामाला येतो. गाडी जवळजवळ समोरून तुमच्याकडे येत असेल तर फ्रेममध्ये ती आडवी फारशी सरकत नाही. रुळांच्या दिशेशी पंधरा अंशांचा कोन केला तर आडवं सरकणं पाव हिश्श्यावर येतं. म्हणूनच फलाटाच्या वळणावरून किंवा पादचारी पुलावरून घेतलेला लोकलचा फोटो कमी शटर स्पीडलाही बरा येतो. अर्थात 'जवळजवळ समोरून' म्हणजे रुळांत उभं राहून नव्हे. त्यावर येतोच आहे.

अजून एक गंमत. फोनचा सेन्सर अख्खं चित्र एकदम वाचत नाही, एकेक ओळ करून वाचतो. वाचायला समजा २० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात आपली एक्सप्रेस ५५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. डबा फ्रेमभर घेतला असेल तर त्याची दारं-खिडक्या तिरक्या दिसतात, जणू गाडी पुढे झुकली आहे. शटर स्पीड वाढवून हे जात नाही, कारण दोष ओळी वाचण्याच्या वेगाचा आहे. उपाय एकच, आणि तो म्हणजे लांब राहा. गाडी फ्रेमच्या सातव्या-आठव्या भागात मावली तर ती तिरपी आहे हे कोणाला कळत नाही. फोन उभा धरला की तिरपेपणा जाऊन गाडी किंचित ताणलेली किंवा आखडलेली दिसते, तो प्रयोग एकदा करून बघा.

थांबलेल्या वेळात काय करायचं?

लेन्स पुसा. हसू नका, खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकट थर असतोच, आणि इंजिनाचा हेडलाईट त्या थरावर पसरून अख्ख्या फोटोवर धुकं आणतो.

मग फोकस. जिथे इंजिन यावं असं वाटतं त्याच अंतरावरच्या खांबावर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. लॉक केल्यावर उजेड थोडा कमी करून ठेवा. हेडलाईट समोर आला की ऑटो मोड घाबरतो आणि सगळा फोटो काळा करून टाकतो, लॉक असेल तर तो हात लावत नाही. झूमही आधीच ठरवा. बऱ्याच फोनमध्ये उजेड कमी झाला की ३ एक्स दाबलं तरी फोन टेलिफोटो लेन्स वापरत नाही, मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतो. हे तपासायचं असेल तर झूम लावून एका लेन्सवर बोट ठेवा, कोणती काळी होते ते बघा.

सूर्य कुठे आहे? कोकण रेल्वेचा मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जातो, म्हणून सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून उभं राहिलं तर गाडीच्या अंगावर ऊन मिळतं. उलट बाजूला फक्त काळी सावली.

गाडी कुठवर आली ते बघायला एनटीईएस किंवा २०१८ मध्ये गूगलने विकत घेतलेलं 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप आहे. दोन्हींवर आंधळा विश्वास नको. दोन स्टेशनांच्या मधलं ठिकाण हे पुष्कळदा अंदाजाने दाखवलेलं असतं, आणि मालगाड्या तर त्यात दिसतच नाहीत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, ते आधी बघून जा. आणि हे ॲप 'गाडी अजून दहा मिनिटं लांब आहे' म्हणतंय म्हणून रुळावर पाऊल ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या दहा मिनिटांत शेजारच्या रुळावरून मालगाडी येऊ शकते, जी ॲपला ठाऊकच नाही.

दोन तासांहून जास्त थांबणार असाल तर एक बारीक गोष्ट: प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं.

स्क्रीनवर दिसणारं अंतर खोटं असतं

हा भाग घाईत वाचू नका.

फोनचा मुख्य कॅमेरा चांगलाच वाइड असतो, साधारण २४ मिलिमीटर समतुल्य. वाइड लेन्समध्ये सगळं लहान आणि लांब दिसतं. किती लांब? फोन आडवा धरलात तर स्क्रीनवर चित्राची रुंदी साधारण नऊ सेंटिमीटर असते. गाडी २८० मीटरवर आहे, म्हणजे ताशी शंभरच्या वेगाने दहा सेकंदांवर. इंजिनाची रुंदी सव्वातीन मीटर धरली तर स्क्रीनवर ते दिसेल पाऊण मिलिमीटर. पाच सेकंद उरले असताना दीड मिलिमीटर. दोन सेकंद उरले असताना साडेतीन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त. एक सेकंद उरला असतानाही फक्त सात मिलिमीटर!

आता हे आकडे परत बघा. दहा सेकंदांपासून दोन सेकंदांपर्यंत स्क्रीनवर विशेष काही घडतच नाही. ठिपका जरासा मोठा होतो, एवढंच. मेंदू म्हणतो, वेळ आहे अजून. आणि शेवटच्या सेकंदात तोच ठिपका अख्खी स्क्रीन व्यापतो. अल्ट्रावाइड लेन्सवर हे आकडे आणखी निम्मे करा. सेल्फी घेणाऱ्याची पाठ गाडीकडे असते, त्याला गाडीबद्दल जी काही माहिती मिळते ती याच स्क्रीनवरून. त्यामुळे रुळाजवळ सेल्फी घेताना लोक 'बेफिकीर' असतात असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. त्यांच्या हातातलं यंत्र त्यांना चुकीचं अंतर दाखवत असतं आणि ते त्यावर विश्वास ठेवतात.

दुसरी फसवणूक रुळांची. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे आणि एलएचबी डबा ३२४० मिलिमीटर रुंद. वजाबाकी करून निम्मे करा: गाडी प्रत्येक रुळाच्या बाहेर ७८ सेंटिमीटर येते. म्हणजे रुळापासून दोन फूट लांब उभा असलेला माणूस गाडीच्या बाजूला उभा नसतो, गाडीच्या वाटेत उभा असतो. त्यात पायऱ्या, हँडल, दारातून बाहेर आलेले हात-पाय आणि सामान हे सगळं अजून वेगळं.

जून २०२४ मध्ये मेक्सिकोच्या इदाल्गो राज्यात हेच झालं. कॅनडाचं १९३० सालचं वाफेचं इंजिन '२८१६' कॅलगरीहून मेक्सिको सिटीच्या खास दौऱ्यावर होतं आणि ते पाहायला मार्गावर जागोजागी गर्दी लोटत होती. एक तरुण बाई रुळांशेजारी गुडघ्यावर टेकून फोनवर फोटो घेत होती. ती रुळांवर नव्हती, शेजारी होती. इंजिनाचा बाहेर आलेला भाग तिच्या डोक्याला लागला आणि ती जागीच गेली. आजूबाजूचे सगळे त्याच क्षणी शूटिंग करत असल्यामुळे तो व्हिडिओ जगभर फिरला. शोधून बघू नका. वरचे दोन आकडे लक्षात ठेवलेत तर तो बघायची गरज नाही.

आपल्याकडे विजेची भर आहे. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. मुंबईच्या लोकलमार्गावर पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता, तो बदलून आता तिथेही २५,००० व्होल्ट आहेत, आणि २०२२ पासून कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावरही वीज आहे. 'तिकडे डिझेल चालतं, वायर नाही' ही जुनी माहिती घेऊन कोणी गेलं असेल तर ती विसरा. या वायरला स्पर्श व्हावाच लागतो असं नाही, फार जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी घेते. म्हणून विद्युत भागांपासून किमान दोन मीटर अंतर ठेवायचं असतं. फलाटावर सेल्फी स्टिक डोक्यावर उंच करणं, थांबलेल्या मालगाडीच्या टपावर चढणं, पादचारी पुलाच्या जाळीतून हात बाहेर काढणं, या तिन्हींत हे अंतर संपतं. पुलावर तर वायर आपल्या पायाखालीच असते. तिथे फोनची लेन्स आतल्या बाजूने जाळीच्या भोकाला टेकवा. लेन्स इतकी छोटी असते की जाळी फोटोत येतच नाही. हात बाहेर काढायचं कारणच उरत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये गोवा-कर्नाटक सीमेवरच्या दूधसागर धबधब्याजवळ ट्रेकर्सची झुंबड रुळांवरून चालायला लागली, तेव्हा दक्षिण पश्चिम रेल्वेने याच कलमाची आठवण करून देत धबधबा डब्यात बसूनच पाहा असं आवाहन केलं होतं. रेल्वे पोलिसांनी काहींना तिथेच उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आणि गंमत अशी की दूधसागरचा सगळ्यात ओळखीचा फोटो, पुलावरून जाणारी गाडी आणि मागे धबधबा, हा रुळावर उभं राहून निघतच नाही. तो समोरून, लांबून घ्यावा लागतो.

मग उभं राहायचं कुठे?

सरावासाठी माझी पहिली पसंती माथेरानची गाडी. १९०७ साली सुरू झालेला, दोन फुटी गेजचा हा मार्ग नेरळपासून सुमारे २१ किलोमीटरचा आहे. गाडी इतक्या सावकाश जाते की एक फोटो चुकला तर पुढच्या वळणाचा विचार करायला वेळ मिळतो. मात्र पावसाळ्यात नेरळवरून गाडी बंद असते, वर अमन लॉज ते माथेरान शटलच चालते. आणि हळू असली तरी ती ट्रेनच आहे, चालत्या गाडीच्या दारातून लटकून फोटो काढू नका.

दुसरी जागा कसारा. थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढाला गाडीचं स्वतःचं इंजिन पुरत नाही, म्हणून इगतपुरीकडे निघालेल्या गाडीला कसाऱ्याला मागून 'बँकर' इंजिनं लावतात. ती लावायला गाडी थांबते. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवं? फलाटावर पिवळ्या पट्टीच्या आत निवांत उभं राहून इंजिन जोडताना बघायचं. पण बँकर जोडणारे कर्मचारी काम करत असतात, त्यांच्या मध्ये फोन घेऊन घुसू नका आणि 'काका, जरा इकडे बघा' हेही नको. भोर घाटातही चढ तेवढाच, तिथे बँकर कर्जतला लागतात.

कोकणात रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. इथे संयम म्हणजे पुलापासून दूर जाणं. खाली दरीतून, झाडीच्या वर जाणारी इवलीशी गाडी. लोक पुलाच्या टोकाशी जाऊन फोटो काढतात तेव्हा त्यात फक्त कठडा आणि डब्याच्या खिडक्या येतात, उंची येतच नाही.

शहरात रस्त्याचे उड्डाणपूल आणि पादचारी पूल पुरेसे आहेत. स्टेशनात कोणी वर्दीतला माणूस 'फोटो बंद करा' म्हणाला तर वाद न घालता बंद करा. युट्यूब चॅनेलसाठी किंवा जाहिरातीसाठी शूट असेल तर त्या विभागाच्या रेल्वे कार्यालयाकडून आधी रीतसर परवानगी घ्या. महिलांच्या डब्याकडे, खिडकीत झोपलेल्या माणसांकडे कॅमेरा रोखणं हा ट्रेनचा फोटो नाही.

रात्र आणि फ्लॅश

फोनचा फ्लॅश म्हणजे छोटासा एलईडी. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो, त्यामुळे तो दोन-तीन मीटरपलीकडे कामाचा नाही. ट्रेनवर तो पोचत नाही, पण फलाटाच्या टोकाशी असलेल्या मोटरमनच्या डोळ्यांत मात्र अंधारातला तो झटका नक्की जातो. बंद ठेवा. नाईट मोडही चालत्या गाडीला नको, तो सेकंद-दोन सेकंद फ्रेम्स गोळा करतो आणि गाडीचा रंगीत धूर होतो. थांबलेल्या गाडीला मात्र नाईट मोडसारखी गोष्ट नाही. फोन खांबाला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा.

रात्रीच्या ट्रेनच्या फोटोंचा विषय निघाला की अमेरिकेच्या ओ. विन्स्टन लिंक यांचं नाव येणारच. १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं निवृत्त होत असताना लिंक यांनी ती रात्री टिपली, आणि तीही रेल्वे कंपनीची परवानगी घेऊन. तेव्हाचे फ्लॅश बल्ब एकदाच पेटायचे आणि संपायचे. १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात एका ड्राइव्ह-इन सिनेमाच्या मागून जाणाऱ्या इंजिनाचा जो प्रसिद्ध फोटो आहे, त्यासाठी चाळीसहून जास्त बल्ब वायरींनी जोडून ठेवले होते. सगळे एकदम पेटणार, एकदाच. गाडी गेली की पुन्हा बल्ब बदलण्यापासून सुरुवात. त्या प्रखर उजेडात सिनेमाच्या पडद्यावरचं चित्र धुऊन गेलं, म्हणून पडद्यावर दिसणारं विमान लिंक यांनी नंतर वेगळं बसवलं. एडिटिंगवरून आज कमेंटमध्ये भांडणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवड करा. दोन दिवसांनी करू म्हटलं की ते फोटो क्लाउडवर जाऊन बसतात आणि फुकटची जागा संपवतात. एका गाडीचा एकच ठेवायचा असा नियम लावून बघा, सुरुवातीला जड जातं. झूम करून आधी इंजिनाचा नंबर वाचता येतो का ते तपासा, नाही आला तर बाकी कितीही छान असू दे.

पोस्ट करताना एक सेटिंग बघा. फोटोच्या फाईलमध्ये जीपीएसचं ठिकाण लपलेलं असतं. बरीच सोशल मीडिया ॲप्स ते काढून टाकतात, पण मूळ फाईल ड्राइव्ह लिंकने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर ते तसंच जातं. जागा पुलावरची किंवा फलाटावरची असेल तर खुशाल सांगा, लोकांना उपयोग होईल. पण जिथे पोचायला रूळ ओलांडावे लागतात अशा जागेचं लोकेशन शेअर करू नका, कोणी कमेंटमध्ये कितीही वेळा 'भाऊ, पिन टाक ना' म्हटलं तरी.